टिटवी आणि छाटणीवाला

चष्म्याच्या दुकानात तो आवाज झाला – टिंग, टिंग, टूंऽऽ – आणि दोन माणसं एकाच वेळी ताडकन उठून उभी राहिली.

एक ती. नाकावर तपासणीची जडशीळ चौकट, उजव्या डोळ्यावर काळी चकती, डाव्या डोळ्यापुढे एकावर एक सरकवलेल्या तीन काचा, आणि त्याच अवतारात पर्समध्ये कोपरापर्यंत घातलेला हात. दुसरा तो. बाकावर नंबर यायची वाट बघत बसलेला उंच, सडपातळ माणूस. हात शर्टाच्या खिशावर आणि चेहरा असा, की खाली गॅसवर दूध आहे आणि आपण गच्चीवर आहोत.

दोघांचेही फोन मुके होते. आवाज आला होता कोपऱ्यातल्या एका आजोबांच्या पिशवीतून. आजोबांनी सावकाश पिशवी उघडली, सावकाश फोन काढला आणि बोलणं उरकल्यावर सगळ्या दुकानाला सांगितलं, की हा आवाज नातवाने लावून दिलाय. तो म्हणाला, आजोबा, ह्याने मेलेला माणूसही उठतो.

मेलेली दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली.

“पहाऱ्यावर?” त्याने विचारलं.

“चार वर्षं. तुम्ही?”

“सहा. ह्या आवाजाला दचकणारं माणूस ह्याआधी एकदाच भेटलं होतं, लिफ्टमध्ये. पण ते पळून गेलं.”

“मीही पळाले असते,” ती म्हणाली, “पण हे नाकावरचं दुकानाचं आहे.”

तो हसला आणि… तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं गेलं – नाव कसलं, नंबरच. सात नंबर आत गेला. ती बाहेर आली तेव्हा रस्त्यावर ऊन इतकं लख्ख होतं, की तिला वाटलं, नव्या काचा न मिळताच नजर सुधारली की काय. त्याला पाहिलं होतं एकाच डोळ्याने. तोही डावा, तोही अधू. तरी कानामागची केसांची बट, हसताना खाली जाणारी नजर, सगळं कसं ठसठशीत दिसलं होतं. घरी पोचेपर्यंत तिने स्वतःला तीनदा दटावलं.

आता तो आवाज म्हणजे काय, ते सांगायला हवं. ती जिथे काम करायची, तिथून साऱ्या मुलुखातल्या मुलामुलींचे कॉलेजप्रवेशाचे अर्ज भरले जात. छोटे-मोठे अर्ज वर्षभर चालूच असत, पण मुख्य प्रवेश वर्षातून एकदाच उघडत. अर्ज घेणारी यंत्रं कचेरीत नव्हतीच. ती होती क्लाउडवर, म्हणजे कुठल्याशा दूरच्या गावी, कुणाच्या तरी थंडगार कोठारात, भाड्याने घेतलेली. त्या यंत्रांचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, पण नाडी तिच्या हातात होती. भिंतीवरच्या पाच पडद्यांवर हिरव्या रेषा वाहत असत – कुठलं यंत्र तापलंय, कुठलं दमलंय, कुणाचं पोट भरत आलंय. काही बिनसलं की तिच्या फोनमध्ये तो आवाज. दिवसाला सरासरी तीनशेदा.

त्यामुळे कचेरीत तिचं नाव पडलं होतं टिटवी. टिटवी ओरडतेच, कोण कशाला दर वेळी मान वर करून बघेल?

गेल्या वर्षी प्रवेश उघडण्याच्या सकाळी खरंच संकट आलं. तिने हाक दिली. पण त्या सकाळी एकशेचाळीस अलार्म आधीच वाजून गेले होते, तिची हाक त्यातच बुडाली. चाळीस मिनिटं सगळं बंद. नंतर वरच्या मॅडमनी तिला बोलावून शांतपणे विचारलं, “तू दिवसभर ओरडतेस. कुठलं ओरडणं खरं, ते आम्ही कसं ओळखायचं?” ते वाक्य वर्षभर पायात रुतलेल्या काट्यासारखं चालताना टोचत राहिलं. यंदा मॅडमनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, की सहा आठवड्यांनी प्रवेश उघडतील, त्या सकाळी पुन्हा घोटाळा झाला तर पहाऱ्याचं काम बाहेरच्या कंपनीला जाईल, आणि टिटवी व तिचे दोन सोबती चौकशीच्या फोनवर बसतील.

आणि अलार्म कमी करायला बाहेरून एक माणूस मागवलाय, तो सोमवारी येईल.

सोमवारी तो आला. कानामागे तीच बट.

ती खुर्चीतून उठली, बसली, पुन्हा उठली. त्याने मात्र मान तिरपी करून तिच्या दोन्ही डोळ्यांकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाला, “अरे वा, दुसराही आहे.”

तिला हसू आलं होतं. पण मॅडमनी ‘हे छाटणी करायला आलेत’ म्हणून ओळख करून दिली, आणि हसू जागच्या जागी गोठलं. चारशे बारा अलार्म होते. एकेक तिने हाताने लावलेला. दुपारपर्यंत तिने सोबत्यांजवळ त्याचं नाव छाटणीवाला ठेवून टाकलं, आणि सोबत्यांनी ते चहाच्या वेळेआधीच त्याच्या कानावर घातलं.

रोज तीन ते पाच, काचेच्या छोट्या खोलीत, ती दोघं यादी घेऊन बसू लागली. छाटणीवाल्याची रीत साधी होती. प्रत्येक अलार्मपाशी तो एकच विचारायचा – हा वाजला की तुम्ही काय करता? बघते, ती म्हणायची. बघून? बघून… काही नाही, आपोआप ओसरतं. मग तो तिच्याकडे माऊस सरकवायचा. स्वतः एकही पुसला नाही त्याने. म्हणाला, लावलेलं झाड दुसऱ्याने तोडू नये.

पहिल्या दिवशी तिने अकरा पुसले आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसलं. दुसऱ्या दिवशी चाळीस. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की फोन तासभर वाजला नाही आणि आपण खिडकीबाहेरचं झाड बघतोय. त्या झाडाला फुलं होती. पिवळी. चार वर्षं तिथेच असणार.

“कोणत्या सालचा हा?” एका जुनाट अलार्मवर बोट ठेवून त्याने एकदा विचारलं.

“पहिल्या वर्षाचा. तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची.”

“आणि आता?”

“आता निवडक.”

“यादी मिळेल?”

“छाटायला?”

“पाठ करायला,” तो म्हणाला आणि एकदम पडद्याकडे बघू लागला. त्याच्या कानाची पाळी लाल झाली होती. तिने ते पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी, आणि पुढचे तीन अलार्म काही न वाचताच पुसून टाकले. मग दोघांनी मिळून ते परत लावले.

चारशे बाराचे एकतीस झाले. बत्तिसावा उरला, आणि त्यावर मात्र भांडण जुंपलं.

हा अलार्म उलटा होता. बाकीचे काही झालं की वाजायचे. हा काही झालं नाही की. मिनिटाला किती अर्ज पुरे होतात ते तो मोजायचा, आणि आकडा घसरला की ओरडायचा. छाटणीवाल्याने हिशेबच मांडला – वर्षात साठदा वाजला, साठही वेळा खोटा. लोक जेवायला गेले, वाजला. लोक घरी गेले, वाजला. यंत्रं धडधाकट असतील तर माणसं येणारच, हा कशाला हवा? ती म्हणाली, हवा. का? तिने माऊस आपल्या मुठीत घट्ट धरून ठेवला. त्याने वाट पाहिली, पाच वाजले, दोघं उठली.

बाहेर पाऊस लागला होता. तिच्याकडे छत्री नव्हती आणि त्याच्याकडची एका माणसाच्या मापाची होती. बसथांब्यावरून घरापर्यंत अबोला धरून दोघं त्या एका छत्रीतून चालली. तिचा डावा खांदा भिजला, त्याचा उजवा. मधले दोन कोरडे राहिले, आणि एकमेकांना लागू नयेत म्हणून केवढी कसरत… शेवटच्या वळणावर ती कसरत दोघांनीही सोडून दिली.

दार आईने उघडलं. आई नवजात बाळांच्या वॉर्डात तीस वर्षं नर्स. माणूस लहान असो की सहा फुटी, तिची बघायची तऱ्हा एकच. तिने त्याला दिव्याखाली उभं केलं, खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन मुलीला सांगितलं – हळू आवाजात, पण बाहेर नीट ऐकू जाईल अशा बेताने – की रंग चांगला आहे, वजन भरायला हवं, एरवी ठणठणीत.

चहा पिताना भांडणाचा विषय निघालाच. आईने दोन्हीकडचं ऐकून घेतलं. मग कप खाली ठेवून म्हणाली, “रडणाऱ्या बाळाने आपण जिवंत आहोत हे स्वतःच सांगितलं की. गप्प आहे त्याने काय सांगितलं? काहीच नाही. मग आपणच जायचं बघायला.” आणि वॉर्डात नव्या मुलींना शिकवायची ती दोन ओळींची लकेर तिने म्हणून दाखवली –

*रडत्याला झोका, हसत्याला खेळ,*
*गप्प त्याच्यापाशी घालव गं वेळ.*

छाटणीवाला चिकाटीने म्हणाला, “पण काकू, निजलेलं बाळही गप्पच असतं ना?”

“असतं. पण कोण कधी निजतं ते मला ठाऊक असतं.”

त्याने कप अर्धा टाकला आणि छत्री विसरून पावसातून निघून गेला. आईने दाराकडे बघत बाकीचं निदान पुरं केलं, की बुद्धीही आहे म्हणायची.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत पोचली तर तो पहाटेपासून बसलेला. तो उलटा अलार्म त्याने पुसला नव्हता, तर शिकवला होता. आता तो दर तासाची, दर वाराची नेहमीची वर्दळ जाणत होता. जेवणाच्या वेळी शांत राहील, रात्री शांत राहील, आणि माणसांनी यायला हवं तेव्हा ती आली नाहीत, तरच ओरडेल. तिने वरपासून खालपर्यंत वाचलं. चार वर्षांत पहिल्यांदा तिची एक वेडी समजूत कुणीतरी हातात घेऊन, पुसूनबिसून, जागेवर नीट लावून ठेवली होती. ‘आभार’ म्हणायला तोंड उघडलं आणि ‘चहा घेणार?’ एवढंच निघालं.

पाचवा आठवडा, सहावा. प्रवेशाच्या आदल्या दुपारी रंगीत तालीम झाली. लाखभर खोटी माणसं बनवून यंत्रांवर सोडायची आणि यंत्रं टिकतात का बघायचं. खऱ्या-खोट्याच्या त्या गर्दीत उलटा अलार्म गोंधळला आणि कोकलत सुटला. छाटणीवाल्याने त्याला म्यूट केलं, तालीम संपेपर्यंत. तालीम झकास झाली. यंत्रं हलली नाहीत. ती आनंदाने गर्रकन वळली, तिचा नवा चष्मा उडाला, त्याने तो हवेत झेलला आणि तिच्या नाकावर बसवून दिला. बोटं तिच्या कानाशी किंचित रेंगाळली… त्या रेंगाळण्यात तो बाकी सगळं विसरला.

उजाडला तो दिवस. दहाला प्रवेश उघडणार. पडद्यांसमोर मॅडम, टिटवी, तिचे दोन सोबती आणि छाटणीवाला. आज त्याचाही शेवटचा दिवस.

दहाचा ठोका. रेषा थोड्या वर उचलल्या आणि सपाट झाल्या. पाचही पडदे हिरवे. एकतीसपैकी एकही वाजला नाही. दहा वाजून चार मिनिटं. सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडमच्या कपाळावरची आठी सैल झाली.

ती मात्र पडद्यांजवळ सरकली. यंत्रं नुसती धडधाकट नव्हती, ती निवांत होती. लाख मुलं दारात असताना निवांत? तिने तसं बोलून दाखवलं. एक सोबती हसत म्हणाला, की टिटवीला शांतताही सोसत नाही. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांच्या डोळ्यांत गेल्या वर्षीचा तो प्रश्न पुन्हा येताना तिला दिसला. बरं, उलटा अलार्मही गप्प होता. मग खरंच भास असेल? तिने मान खाली घातली.

त्याच क्षणी छाटणीवाल्याने यादी उघडली आणि बत्तिसाव्या ओळीवर त्याची नजर खिळली. घंटेच्या चित्रावर आडवी रेघ. कालची.

एक बटण दाबलं असतं तर घंटा सुरू झाली असती आणि कुणाला काही कळलंही नसतं. तो उभा राहिला.

“हा अलार्म काल मी बंद केला आणि सुरू करायला विसरलो. चूक माझी आहे,” तो म्हणाला. “ती म्हणते तेच खरं आहे, मॅडम. आत कुणीच येत नाहीये.”

मग त्याने रेघ काढली. टिंग, टिंग, टूंऽऽ. त्या लख्ख हिरव्या खोलीत तो एकच आवाज. गेल्या सहा मिनिटांत पुरे झालेले अर्ज – शून्य.

मॅडम वळल्या. त्याच्याकडे नाही, तिच्याकडे. “काय करायचं?”

ती केव्हाच खुर्चीत होती. बोटं पळत होती आणि डोकं विलक्षण शांत होतं. दारापर्यंत मुलं येत होती. पहिलं पान दाखवायला यंत्रांना घाम फुटत नाही. पण आत यायला मोबाईलवर चार आकडी कोड लागतो, तो कोड पाठवणारी बाहेरची कंपनी आज मुकी झाली होती. यंत्रं ठणठणीत, किल्ली हरवलेली. म्हणून सगळं हिरवं. दुसऱ्या कंपनीची वाट तिने तयार ठेवली होती, पण वळवायची तर पंधरा सेकंद दार पूर्ण बंद करावं लागणार होतं. तिने तसं सांगितलं. सोबती म्हणाला, पंधरा सेकंदांची पंधरा मिनिटं झाली तर?

“होणार नाहीत,” ती म्हणाली.

“कर,” मॅडम म्हणाल्या. पुढे काही विचारलं नाही.

पडदे काळे झाले. सगळे सेकंद मोजू लागले. नऊ… बारा… पंधरा… सोळा. आणि मग अर्जांची ती रेषा, तळाशी मेल्यासारखी पडलेली, हलली. उठली. उभी राहिली. मिनिटाला चाळीस, चारशे, अडीच हजार! यंत्रं तापली, पंख फुटल्यासारख्या रेषा फडफडल्या, एका कोपऱ्यात पिवळा दिवा लागला आणि तिने त्याला ‘ये बाळा’ म्हणून आणखी चार यंत्रं जोडून दिली. सोबती टेबलावर चढला होता. दुसरा त्याला उतरवायला म्हणून चढला तो वरच राहिला.

संध्याकाळी पाचला आकडा दोन लाखांच्या पुढे गेला. मॅडमनी वरच्या मजल्यावर फोन लावला आणि सगळ्यांसमोर, एकेक शब्द सुटा करून, सांगितलं, की पहारा इथेच राहील, ज्यांच्या हातात आहे त्यांच्याच हातात. फोन ठेवून त्यांनी टिटवीच्या खांद्यावर हात ठेवला. “गेल्या वर्षी ऐकायला हवं होतं मी,” एवढंच म्हणाल्या. तो वर्षभराचा काटा कुठे गेला ते तिला कळलंसुद्धा नाही. बघितलं तर पाय हलका.

छाटणीवाला काचेच्या खोलीत बॅग भरत होता. अहवालात स्वतःची चूक पहिल्याच पानावर लिहिली, म्हणाला. तिने वाचली. दोन वाक्यं जास्त होती, ती तिने छाटली.

ती दोघं खाली आली. इमारतीच्या पायऱ्यांवर एक मुलगी फोन छातीशी धरून बसली होती आणि कुणाला तरी सांगत होती, की गेला गं अर्ज, गेला, सकाळी वाटलं होतं संपलं सगळं. तिला ठाऊक नव्हतं, आपल्या मागून कोण उतरतंय. टिटवी तिच्या शेजारून गेली आणि डोळे भरून आले.

बसथांब्यावर तो थांबला. “मॅडमनी इथेच राहा म्हणून विचारलंय.”

“मग?”

“म्हटलं, एका माणसाला विचारून सांगतो.”

“त्या माणसाने काय म्हणावं, असं वाटतं?”

त्याने बॅग खाली ठेवली. “गेली तीन वर्षं मी सहा-सहा आठवड्यांचा माणूस आहे. ह्या वेळचे सहा आठवडे चारशे बारा दिवसांसारखे वाटले, आणि तरी पुरले नाहीत. मला तू आवडतेस. राहू का?”

असं सरळ. काहीच पाठीमागे न लपवता, सकाळी उभा राहिला होता तसंच. तिने बराच वेळ त्याच्याकडे बघून घेतलं.

“चूक कबूल करणारी माणसं मला फार आवडतात,” ती म्हणाली. “त्यातला एक तर… जरा जास्तच. राहा.”

बस आली. दोघं मागच्या बाकावर बसली. तिने सवयीने फोन मांडीवर ठेवला, डोळे त्याच्या पडद्यावर. त्याने तो अलगद उचलला आणि आपल्या शर्टाच्या खिशात घातला.

“तू झोप,” तो म्हणाला. “मी जागा आहे.”

चार वर्षांत हे तिला कुणी म्हटलं नव्हतं. काहीतरी मिश्कील उत्तर द्यायचं तिने ठरवलं, शब्द जुळवायलाही घेतले, पण दुसऱ्या थांब्याआधीच तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. टक्क उजेडात, भरल्या बसमध्ये, ती अशी गाढ झोपली की तिचा थांबा आला, गेला, आणि छाटणीवाल्याने तिला उठवलं नाही. एका हाताने तिचा चष्मा सांभाळत तो शेवटच्या थांब्यापर्यंत सरळ ताठ बसून राहिला.